ॲनिमोन नावाची मुलगी

आपांच्या दारात कुणालाही आपलं नाव सांगावं लागत नसे. कडी वाजवून नुसतं "आपा" म्हटलं, की आतून आवाज येई, "कोण, सुजाता? ये. सर्दी झालीय तुला." दूधवाला, गॅसवाला, वर्षातून एकदा उगवणारा घरपट्टीचा माणूस, सगळ्यांना त्या आवाजावरून ओळखत. एकदा एक गृहस्थ पत्ता विचारत आमच्या गल्लीत आले. त्यांचं एक वाक्य ऐकून आपांनी विचारलं, "तुम्ही भगूरच्या वखारवाल्यांचे कोण?" ते वखारवाल्यांचे चिरंजीव निघाले. वखारवाल्यांना आपांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे फोन तेवढे वर्षानुवर्षं जोडून दिले होते.

देवळाली कॅम्पाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपा ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून फोनपाशी ताटकळत बसावं लागे, त्या काळापासूनच्या. पुढे एक्स्चेंज आपलं आपण चालू लागलं, आपांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं, आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. नाव नसीम. पण सगळा कॅम्प त्यांना ऑपरेटर आपा म्हणायचा. वडील लष्कराचे गणवेश शिवणारे दर्जी होते. त्यांनी मुलीला मराठी शाळेत घातलं, म्हणून आपांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. मी लासलगावकडची, माझ्या तोंडून एखादं 'लय' निसटलं की त्या हसायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दोन्ही ईदला माझी ड्यूटी असायची. बोलणी करायला आलेले लोक परत जायचे." खरं असेल किंवा नसेलही.

त्यांची माझी ओळख एका फाटक्या पार्सलने करून दिली. माझा नवरा विलास तोफखान्यात हवालदार. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही कॅम्पात लष्करी क्वार्टरमध्ये राहिलो. मग त्याची बदली अशा ठिकाणी झाली, जिथे बायकांना नेता येत नाही. मी बाजारातल्या एका कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर काम करत होते आणि भाड्याची खोली शोधत होते. ऑक्टोबरात कालिम्पाँगहून एक खोकं आलं, त्याची कड उसवली होती आणि आतून वाळक्या काळपट गाठी सांडत होत्या. लेंड्या म्हणाव्यात तर वजन नाही, सुंठ म्हणावी तर वास नाही. वाटप करणारा माणूस रजेवर होता, पत्ता माझ्या रस्त्यावरचा होता, म्हणून संध्याकाळी मीच खोकं घेऊन गेले. आपांनी दारातच खोक्यात हात घातला, गाठी मुठीत घेऊन हलक्याच खुळखुळवल्या आणि म्हणाल्या, "कोरडे आहेत. वाचले." मग मला विचारलं, "तू लासलगावची का ग? आणि घर शोधतेयस ना? बाजारात सगळ्यांना विचारून झालं, मला तेवढं विचारलं नाहीस."

त्यांच्या वडिलांचं कौलारू घर मधे भिंत घालून दोन भागांत केलेलं होतं. एका भागात त्या, दुसरा त्या आठवड्यात माझा झाला. मागे दोघींत मिळून एक छोटं परस. त्यात नळ, कपडे वाळत घालायची तार, आणि कंपाउंडच्या भिंतीलगत एक लांबट वाफा. या वाफ्यात आपा ॲनिमोन लावायच्या.

हे फूल कसलं, ते मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडे शेवंती, झेंडू आणि दारापुढे सदाफुली. आपांनी मला त्या गाठी, म्हणजे कंद, रात्रभर पाण्यात भिजवायला सांगितले. सकाळी ते टपोरे झाले होते. मग वाफ्यातल्या मातीत वाळू आणि कुजलेला पाला कालवून, बोटभर खोल, एकेक कंद आडवा ठेवायचा. "वरची बाजू कुठली, खालची कुठली, ते कळत नाही. आडवा ठेवला की त्याचं तो बघतो," त्या म्हणाल्या. पाणी बेताचं, नाहीतर कुजतात. तीन आठवड्यांनी कोथिंबिरीसारखी पानं वर आली. मला वाटलं, एवढं करून शेवटी कोथिंबीरच. संक्रांतीच्या आसपास पहिलं फूल उमललं. पातळ रेशमी पाकळ्या, मधोमध काळाभोर डोळा, भोवती पांढरं कडं. लाल, गुलाबी, जांभळी, निळी, पांढरी अशी फुलं मग रोज येत राहिली. सकाळी ऊन लागलं की उघडायची, संध्याकाळी मिटायची. दिंडोरीकडचे बागायतदार थंडी वाढली की द्राक्षांच्या काळजीने शेकोट्या पेटवतात. आपा मात्र तेव्हा स्वेटरवर शाल घेऊन परसात उभ्या असत आणि म्हणत, "पडू दे अजून."

त्यांच्याशी गप्पा मारणं सोपं नव्हतं. मी कामावरून येऊन दिवसभराचं सांगू लागले, की थोड्या वेळाने त्या म्हणत, "मुद्दा बोल, लाइन अडलीय." सुरुवातीला मला राग यायचा. कुणाची लाइन अडली होती? त्यांचा फोन तर महिनोन्‌महिने वाजत नव्हता. मालेगावात भाऊ होता, तो वारला. त्याचा मुलगा रफिक ईदला आणि मधे एखाद्या रविवारी फोन करायचा. बाकी दिवस घरात रेडिओचा आवाज. जिच्या कानातून रोज सबंध कॅम्पाची बोलणी जायची, तिच्याशी आता बोलायला भाजीवाली आणि मी. मग माझ्या लक्षात आलं, मुद्दा बोल म्हणाल्या तरी त्या उठून जात नसत. पुढचं वाक्य ऐकायला थांबलेल्या असत.

आमच्या मधली भिंत पातळ होती. विलासचा फोन यायचा तो रेंज मिळेल तेव्हा, आणि बोलता बोलता तुटायचा. एकदा असाच तुटला. आधी थोडी भांडाभांडी झाली होती, त्यामुळे मला वाटलं त्यानेच ठेवला, आणि मी पलंगावर बसून राहिले. भिंतीपलीकडून आपांचा आवाज आला, "रागाने ठेवलेला नाही. रागाने ठेवणारा आधी गप्प होतो. पुन्हा लाव." मी पुन्हा लावला. रेंजच गेली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आपा, तुम्ही आमचं सगळं ऐकता." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सवय आहे. हळू बोलत जा."

ॲनिमोनची गोष्टही त्यांनी अशीच ऐकलेली. एक्स्चेंजमध्ये होत्या तेव्हा कॅम्पात एका कर्नलसाहेबांची विधवा राहायची. दर रविवारी ती देहरादूनला बहिणीला ट्रंक कॉल करायची. लाइन नीट आहे ना, हे बघायला ऑपरेटरला सुरुवातीला कान लावावा लागे. "मग कान काढून घ्यायचा असतो," आपा सांगत, "मी कधी कधी उशिरा काढला." मेमसाब बहिणीला हिंदीत सांगायच्या, ॲनिमोन या वर्षी उशिरा आली. फार नाजूक आहे. ऊन जरासुद्धा सोसत नाही तिला. पुढच्या रविवारी, ॲनिमोन आता बरी आहे, रंग फुटलाय. तरुण आपांना वाटलं, ही यांची नात असणार, किंवा दत्तक मुलगी. ख्रिस्ती नाव दिसतंय. आजारी पोर, कुणाची कोण जाणे. "मी तिच्यासाठी दुआ मागायचे," आपा म्हणाल्या. "तिचं वय किती असेल, शाळेत जाते का, सगळं मनात ठरवून टाकलं होतं. आणि एका रविवारी मेमसाब म्हणाल्या, आज सगळ्या ॲनिमोन कापल्या आणि काचेच्या भांड्यात ठेवल्या. माझ्या हातून बोर्डावरची, लाइन जोडायची दोरी सुटली. लाइन कट झाली. मेमसाबने तक्रार केली आणि मला साहेबांनी बोलावलं."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पण ते फूल त्यांनी तेव्हा पाहिलं नाहीच. मेमसाबच्या बंगल्यात जायची त्यांची काय ओळख? आवाजाची तेवढी. मेमसाब गेल्या, बंगला पडला. आपा निवृत्त झाल्यावर एका शेजाऱ्याच्या मुलीने त्यांना कॉम्प्युटरवर त्या फुलाचं चित्र काढून दाखवलं आणि कंद कुठे मिळतात ते शोधून दिलं. तेव्हापासून दर वर्षी खोकं येत होतं. "बघायचं होतं एकदा, कशी आहे ती," त्या म्हणाल्या. वाफ्यातल्या फुलांविषयी बोलताना अजूनही 'ती' म्हणायच्या.

कंद मागवायचे दिवस सप्टेंबरात यायचे. मी नर्सरीची यादी मोबाइलवर उघडून वाचायची आणि आपा निवड करायच्या. हा त्यांचा वर्षातला मोठा सोहळा. एकेरी पाकळ्यांचे घ्यायचे की दुहेरी, कुठला रंग किती. दुहेरी त्यांना आवडत नसत. "फार कपडे घातलेत," म्हणायच्या. पहिल्या वर्षी आम्ही सगळे रंग मागवले. दुसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "निळा नको. जांभळाही राहू दे." मला निळा सगळ्यांत आवडायचा. मी विचारलं, का? "मातीत मिसळतो. फसवतो." तिसऱ्या वर्षी गुलाबी गेला. उरले लाल आणि पांढरे. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो, तसं काहीतरी असेल. तरी मी वाद घातला. "आपा, नुसता लाल-पांढरा वाफा म्हणजे बँडवाल्यांचा ड्रेस." त्या हसल्या नाहीत. "लाल दिसतो," एवढंच म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीनंतर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बघ, कोपऱ्यातली उमललीय. कालपासून आहे. मिटली नाही रात्रभर." आवाजात कौतुक होतं. हातात झारी होती, आणि त्या कोपऱ्यात जपून, थेंब थेंब पाणी घालत होत्या. मी जवळ गेले. पानांत एक लाल पतंगाचा तुकडा अडकला होता. संक्रांतीला पोरांनी कापलेल्या पतंगांचे असे तुकडे महिनाभर सगळीकडे सापडतात. पाण्याने कागद भिजून रंग पानांवर ओघळला होता.

"आपा," मी म्हटलं, "तो पतंगाचा कागद आहे."

त्या थांबल्या. खाली वाकून त्यांनी हात पुढे केला, पानं चाचपली, कागद बोटांत धरला, चुरगळला. मग म्हणाल्या, "रंग चांगला होता."

आत येऊन त्यांनी चहा टाकला. मी बघत होते. काडी पेटवताना त्या गॅसकडे बघतच नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. कप भरताना बोट कपाच्या आत घालून ठेवलं होतं. हे सगळं मी तीन वर्षं रोज पाहिलं होतं आणि त्यांची लकब समजत होते. आवाजावरून त्या सगळ्यांना इतक्या चटकन ओळखत, की त्यांना दिसत नसेल असं कुणाच्या मनात येण्याचा प्रश्नच नव्हता.

"मधलं गेलंय," त्यांनी सांगितलं. "कडेचं आहे अजून. नाशिकच्या डॉक्टरांना दाखवलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, आहे ते किती दिवस राहील ते बघू."

"मधलं गेलं म्हणजे?"

"तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस. दाराकडे बघितलं की थोडी दिसतेस."

आणि त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की त्या मला बघतायत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ऑपरेटर आपा शिष्ट आहेत, बोलताना तोंड फिरवतात.

"रफिकला सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं की तो गाडी घेऊन येईल. त्याची बायको माझं सामान बांधेल. चांगली माणसं आहेत, सुजाता. वाईट असती तर भांडता आलं असतं." कप बशीत ठेवताना त्यांनी आधी बशीची कड चाचपली. "इथे मला प्रत्येक वस्तू कुठे आहे ते ठाऊक आहे. इथला आवाज मला ठाऊक आहे. तिथे खाली माग चालतात, दिवसभर. मी दोनदा राहिलेय तिथे. कुणाचं बोलणं कानात शिरत नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतरच्या ऑक्टोबरात वाफा आम्ही मिळून केला. त्या बोटांनी कंद चाचपून कुजका वेगळा काढायच्या, वितीने अंतर मोजून खड्डा करायच्या. मी फक्त पाणी आणून द्यायची. फुलं आली तेव्हा सकाळी मी कामावर जाण्याआधी त्या वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसायच्या, तोंड भिंतीकडे. "आता दिसते," म्हणायच्या. "काळा डोळा नाही दिसत. लाल दिसतं, आणि हलते ते दिसतं." मग मी त्यांना काळ्या डोळ्याविषयी सांगायची. पांढरं कडं कुठवर आलंय, पाकळी कुठे दुमडलीय, मधमाशी कुठल्या फुलावर बसलीय. कितीही लांबवलं तरी त्या दिवसांत त्यांनी मला मुद्दा बोल म्हटलं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रफिक न कळवता आला. साधा, जाडसर माणूस, हातात मिठाईचा डबा. मुलीची सोयरीक ठरली होती. फूफीला, म्हणजे आत्याला, आधी सांगायचं म्हणून मालेगावहून थेट गाडीने आला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो आपांशेजारी बसून त्यांच्या हातात मोबाइल देत होता. "बघा फूफी, हा मुलगा. कसा वाटतो?"

आपांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला, जरा लांब धरला. मधेच मिठाईचा, मुलाच्या घरच्यांचा विषय निघाला. तेवढ्यात मोबाइलची स्क्रीन विझली. रफिक बोलायचा थांबला तेव्हा आपा त्या काळ्या काचेकडे बघत म्हणाल्या, "छान आहे. चेहरा शांत आहे मुलाचा."

रफिकने काचेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याने हळूच मोबाइल काढून घेतला. "हो फूफी," तो म्हणाला, "शांत आहे." आणि उठून परसात गेला. मी गेले तेव्हा वाफ्यापाशी पाठमोरा उभा होता. नाक ओढत त्याने मला विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." आत येऊन त्याने विचारलं नाही. त्यांच्या पायाशी खाली बसला आणि म्हणाला, "फूफी, आता चला. मला रात्री झोप लागणार नाही."

आपा भिंतीकडे बघत होत्या. म्हणजे त्याच्याकडे. "फुलं संपू देत," त्या म्हणाल्या. "शेवटची झाली की ये."

त्याने मान्य केलं. ती फुलं कधी संपतात, हे त्याला काय माहीत? संपेपर्यंत महिना-सव्वा महिना होता. त्या महिन्यात मी आपांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. रोज सकाळी विचारायच्या, "कळ्या आहेत का अजून?" मी पानांत हात घालून शोधायची आणि खरं ते सांगायची. त्या वर्षी ऊन लवकर तापलं. दुपारी वाफा तापू नये म्हणून त्यांनी आपली जुनी चादर भिजवून काठ्यांवर ताणली. वाळायला लागली की पुन्हा भिजवायच्या. एकदा मी लवकर घरी आले तर त्या चादरीपाशी मातीत बसल्या होत्या, हात पानांखाली, गारवा आहे का ते बघत. मला म्हणाल्या, "दोन आहेत ना अजून?" मी म्हटलं, "एक आहे." त्या म्हणाल्या, "सकाळी दोन होत्या." मी म्हटलं, "एक उमलली, आपा."

शेवटचं फूल पांढरं होतं. चार दिवस टिकलं. पाकळ्या गळल्यावर आपांनी स्वतःच रफिकला फोन लावला. बोटांनी बटणं चाचपून नंबर लावला आणि म्हणाल्या, "झालं. रविवारी ये." एवढंच बोलून ठेवला.

कंद त्यांनी नेले नाहीत. पानं पूर्ण पिवळी पडू दे, मग उकर, सावलीत वाळव, कागदी पिशवीत ठेव, असं मला बजावलं. "तुम्ही थोडे न्या ना, कुंडीत लावता येतील," मी म्हटलं. "गच्चीवर सूत वाळत असतं," त्या म्हणाल्या. "आणि मालेगावचं ऊन तुला माहीत आहे." रविवारी रफिक बायकोला, शबानाला घेऊन आला. शबाना गडबडीने, पण काळजीने सगळं आवरत होती. आपांनी तिला कुठेच अडवलं नाही. रेडिओ मात्र मला दिला. गाडीपर्यंत त्या कुणाचा हात न धरता चालत गेल्या. गल्लीतला प्रत्येक दगड पायांना ठाऊक होता. गाडीत बसल्यावर काचेतून म्हणाल्या, "विलासला हळू बोलत जा म्हण. फार मोठ्याने बोलतो." गाडी वळेपर्यंत मी रस्त्यातच उभी होते.

भिंतीपलीकडचा अर्धा भाग रफिकने कुलूप लावून ठेवला. मी अजून माझ्या भागात राहते. विलासचा फोन तुटला की आता पलीकडून कुणी काही बोलत नाही.

आपांना मी आठवड्याला फोन करायची. शबाना उचलायची, मग जिना चढून फोन वर नेऊन द्यायची. मागे मागांची खटखट, सतत. आपा म्हणायच्या, "ऐकू येत नाही ग. बरी आहे मी." मी ओरडून काहीबाही सांगायची. पुढच्या ऑक्टोबरात मी जुनेच कंद लावले. निम्मे कुजले, काही आले, तीनच फुलं झाली. ते सांगायला फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली?" मी सांगितलं, "लाल." पण त्यांना ते पोचलं की नाही कळलं नाही, पुन्हा म्हणाल्या, "बरी आहे मी."

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. ताप आला होता, दोन-तीन दिवसांचा. रफिकचा फोन आला तेव्हा दफन झालेलं होतं. पुढच्या सुट्टीला मी एसटीने मालेगावला गेले.

रफिकने खालचे माग तेवढ्यापुरते बंद ठेवले होते. वरच्या खोलीत शबाना आणि घरातल्या चार-पाच बायका बसल्या होत्या. आपांचा पलंग भिंतीशी होता, उशीवर पांढरा अभ्रा घातलेला. शबानाने मला जवळ बसवलं. जरा वेळाने, आवाज खाली आणून, हिंदी-मराठी मिसळून ती म्हणाली, "ताई, एक विचारू? फूफी तुमच्याशी बोलायच्या का? आमच्याशी बोलायच्याच नाहीत. मी जेवण घेऊन जायची, समोर बसायची, तर तोंड फिरवून घ्यायच्या. रोज. दिसत नाही ते ठाऊक होतं मला. पण तोंड का फिरवायचं? मला वाटायचं, मी त्यांना घरातून उठवून आणलं, त्याचा राग धरलाय."

मी तिला सांगितलं. त्यांचं मधलं गेलं होतं, कडेचं राहिलं होतं. तोंड फिरवलं, की मगच त्यांना माणूस दिसायचं.

शबाना माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पलंगाकडे पाहिलं. "म्हणजे मला बघत होत्या," ती म्हणाली.

शबानाने ओढणी तोंडाशी धरली. मग म्हणाली, "अजून सांगा. काय बोलायच्या?"

मी सांगू लागले. एक्स्चेंजचं, वखारवाल्यांचं, मेमसाबचं. ॲनिमोन नावाची आजारी मुलगी आणि तिच्यासाठी मागितलेली दुआ ऐकून आधी एकजण हसली, मग सगळ्याच हसल्या आणि हसू आवरेना म्हणून एकमेकींना गप्प करू लागल्या. मी मोबाइलवरचा फुलांचा फोटो दाखवला. मोबाइल हातोहात फिरला. "एवढंसं फूल," एक म्हातारी म्हणाली, आणि बोटाने काचेवर जपून टेकवून बघितलं. खाली रफिक जिन्यात येऊन उभा होता, तो ऐकत होता. या घरात त्या दीड वर्ष राहिल्या होत्या आणि यातलं काहीही त्यांनी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. इथे बोलणं ऐकू येत नसे, हे त्याचं कारण, का आणखी काही, ते मला माहीत नाही.

शबाना मला स्टँडवर सोडायला आली. रस्ताभर विचारत होती. काय खायच्या, कुठली भाजी आवडायची, रात्री झोप लागायची का. मी आठवेल ते सांगत होते. बसमध्ये बसल्यावर ती खिडकीखाली येऊन उभी राहिली. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा तिने गजाला धरून विचारलं, "आणि चहात साखर? मी दोन चमचे घालायची. त्या पिऊन टाकायच्या, बोलायच्या नाहीत."

आपा चहा बिनसाखरेचा प्यायच्या. साखरेने चहाची चवच मरते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि माझ्या चहाला त्या सरबत म्हणायच्या.

"दोनच," मी म्हटलं. "दोनच चमचे घ्यायच्या."

शबानाने मान हलवली आणि गज सोडला.